मॅटर आलं नाई

माझ्या कादंबरीचं सातवं प्रकरण एका वाक्यावर येऊन थांबलं, त्याला आता दोन वर्षं होतील. वाक्य असं आहे : ‘त्या रात्री घरात दिवा लावला गेला नाही.’ त्याच्यापुढे काही नाही. आधीची सहा प्रकरणं सहा महिन्यांत हातावेगळी झाली होती आणि दिवाळीच्या आत कादंबरी संपेल, असं मी मैत्रिणींना तोऱ्यात सांगत सुटले होते. कुठल्या वर्षीची दिवाळी ते सांगितलं नव्हतं, एवढंच बरं.

भादव्यातल्या एका रविवारी वही घेऊन भातकुलीला मामांकडे गेले. अमरावतीहून एसटीनं फार वेळ लागत नाही. गावात बाहेरची माणसं येतात ती आदिनाथाच्या दर्शनाला किंवा तहसिलीच्या खेट्यांना. मी जाते ती मामांना साहित्याचा काडीचाही धाक वाटत नाही म्हणून. सत्तावीस वर्षं त्यांनी अमरावतीच्या एका छापखान्यात खिळे जुळवले. कादंबऱ्या, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं, सगळं त्यांच्या बोटांखालून उलटं गेलं. त्यांचं शुद्धलेखन माझ्यापेक्षा पक्कं आहे. तोंडात मात्र भातकुली.

“काय वं बाई, झालं का पुस्तक?”

“अडलंय, मामा.”

“कायचं अडलं? कागद संपला का?”

“सुचत नाही. इंग्रजीत रायटर्स ब्लॉक म्हणतात याला.”

“म्हंजे रोग हाये का तो?”

मी त्यांना सांगितलं की, एडमंड बर्गलर नावाचा मनोविश्लेषक होता, व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेला. त्यानं १९४०च्या दशकात हा शब्द चालवला. त्याच्या मते असा लेखक आळशी नसतो. त्याचंच मन आतून त्याला शिक्षा करत असतं. मामांनी सुपारी कातरता कातरता सगळं ऐकून घेतलं.

“अन् ह्या डॉक्टरच्या आंधी ज्याईचं अडे, ते काय म्हनत?”

“काय म्हणणार? सुचत नाही म्हणत असतील.”

“आमी म्हनो, मॅटर आलं नाई.”

मग त्यांनी फर्म्याची गोष्ट सांगितली. सोळा पानांचा फर्मा. पंधरा पानं जुळून, सुतळीनं बांधून ठेवलेली. सोळावं पान लेखकाच्या घरी, म्हणजे लेखकाच्या डोक्यात. “त्या एका पानापायी पंधरा पानायचे खिळे गुतून पडत. दुसऱ्याचं काम थांबे. केसमंदला काना संपून जाये. आता मराठीत कान्याबिगर काय जुळवशीन? मालक म्हने, जाय, त्याच्या ओसरीत जाऊन बस. मी जाऊन बसो. दोन कप चहात पान होये. कोनाले बलाक नव्हता.”

“आणि माणूस उरावर बसवून लिहिलेलं ते पान कसं असायचं?”

“बाकीच्या पंधरासारखंच.”

हे खरं असेल, तर माझी बाजू मांडायलाच जागा उरत नाही. पण मामा जुळारी. खिळ्यांना सगळं मॅटर सारखंच. मी म्हटलं, घाईनं लिहिलेलं आणि मुरलेलं यांत फरक असतो, आणि तो दाखवायला आपल्याच जिल्ह्यातला माणूस पुरे. उद्धव शेळके.

इथे माझी चूक झाली, कारण शेळके हा मामांचा माणूस. ‘धग’ १९६० साली आली. शिंप्याच्या घरातली कौतिक, कर्त्या नवऱ्यासारखा कधी उभा न राहिलेला महादेव, पुढे त्याला जडलेला महारोग, आणि संवादांत सगळी अस्सल वऱ्हाडी. त्या पुस्तकानं वऱ्हाडी बोलीला कादंबरीत जी जागा मिळवून दिली, तिच्यावर आम्ही सगळे अजून बसलो आहोत. पुढे शेळक्यांनी लेखनावरच पोट भरायचं ठरवलं आणि शंभरावर पुस्तकं लिहिली.

“शंभर,” मी म्हटलं, “आणि लोक नाव घेतात एकाच पुस्तकाचं.”

“बाकीच्यानं घर चालवलं त्याचं. घर चालवनारं पुस्तक खोटं असते काय?”

“खोटं म्हणत नाही. पण दुसरी ‘धग’ झाली नाही.”

“शंभर लिहिले तं दुसरी धग होईनच, असं नाई. कबूल. पन दहा वर्सं गप बसलं तं होईन, हे तुले कोनी लिहून देल्लं?”

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी विश्राम बेडेकरांना पुढे केलं. तेही अमरावतीचेच, जन्म १९०६. ‘रणांगण’ १९३९ची. महायुद्ध तोंडावर आलेलं, युरोपातून निघालेली बोट, तीवर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हेर्टा. छोटंसं पुस्तक. त्यानंतर बेडेकर ९२ वर्षांचे होऊन वारले, १९९८ साली, पण दुसरी कादंबरी त्यांनी लिहिली नाही. गेली दोन वर्षं कुणी माझ्या कादंबरीबद्दल विचारलं की मी बेडेकरांचं नाव घेते. एका कादंबरीतच माणूस संपूर्ण होऊ शकतो, असं काहीसं गंभीर बोलते. माझी ती एकही पूर्ण झालेली नाही, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

मामांच्या आलं. “मंग ते एवढी वर्सं करत काय होते?”

“सिनेमे. ‘रामशास्त्री’च्या दिग्दर्शकांत ते होते. नाटकं लिहिली, ‘टिळक आणि आगरकर’ त्यांचंच. मग १९८४ साली आत्मचरित्र, ‘एक झाड आणि दोन पक्षी’. त्याला साहित्य अकादमी मिळालं.”

“म्हंजे तो मानूस बसून नव्हताच. त्याचं नांगरनं वायलं होतं, एवढंच.”

“बरं, नेमाडे घ्या. ‘झूल’ १९७९ची आणि ‘हिंदू’ २०१०ची. मध्ये एकतीस वर्षं.”

“एकतीस वर्सं ते एकाच वाक्याकडं पाहून राहिले होते काय?”

नव्हते. कविता होत्या, समीक्षा होती, विद्यापीठात शिकवणं होतं. मी गप्प झाले. गप्प बसल्यावर वाटलं, की अशा भांडणात आपण या मोठ्या माणसांना दगडांसारखे वापरतो. शेळक्यांनी काही ‘अखंड लिहिणं’ नावाची भूमिका घेतली नव्हती. त्यांच्यामागे चूल होती. बेडेकरांनीही मौन पाळलं नव्हतं. एक कादंबरी लिहिली, मग त्यांना दुसरं काही करावंसं वाटलं. अडलेल्या माणसालाच सगळीकडे आपलं अडणं दिसतं.

तरी मी हट्टानं परदेशात गेले. अँथनी ट्रॉलप इंग्रजांच्या टपालखात्यात नोकरी करत पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ ठेवून. दर पाव तासाला अडीचशे शब्द. मामांना हा गृहस्थ फार आवडला. “पीस रेटनं काम करे,” म्हणाले. मग मी न्यू यॉर्करच्या जोसेफ मिचेलचं सांगितलं. १९६४ला त्याचं ‘जो गूल्ड्स सीक्रेट’ आलं, ज्याच्याबद्दल आहे तो गूल्ड नावाचा माणूस आयुष्यभर एका प्रचंड ग्रंथाच्या बाता मारत राहिला आणि तो ग्रंथ मुळात नव्हताच. ते लिहून झाल्यावर मिचेल स्वतःच थांबला. १९९६ला मरेपर्यंत कचेरीत जात राहिला, खोलीत बसत राहिला, नवीन काही छापायला दिलं नाही.

“अन् पगार?”

“चालू होता.”

“तीस वर्सं?” मामांनी अडकित्ता खाली ठेवला. “तथी जागा निघते का, पाह्य बाप्पा.”

मी हसले, पण मिचेलची गोष्ट मला कधीच हसण्यासारखी वाटलेली नाही. ज्याच्या न लिहिलेल्या पुस्तकाचं बिंग फोडलं, त्याचंच दुखणं फोडणाऱ्याला लागलं. शिवाय तो रोज जात होता. मामांच्या हिशेबानं बोट हललं की काम होतं; इथे माणूस तीस वर्षं कामावर हजर आहे आणि काम होत नाही. हे मी मामांना म्हटलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हजेरी लावनं अन् स्टिक हातात घेनं, हे दोन येगळे.” मला ते पूर्ण पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

शेवटचा मोहरा म्हणून हेमिंग्वे काढला. त्याचा सल्ला प्रसिद्ध आहे : विहीर एका बैठकीत उपसून टाकू नये, थोडं पाणी राखून उठावं, रात्रीतून झरे ती पुन्हा भरतात.

मामा इतके हसले की मामी आतून पाहायला आल्या. “कोन्या गावचा हा? आमच्या विहिरी उपसल्या तं खालून खारंच येते.”

खरंच आहे. भातकुली खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा असा पसरलेला हा पट्टा. वर काळी कसदार माती आणि खाली मिठाचं पाणी. पाणी नाही असं नाही. भरपूर आहे. पिता येत नाही, पिकाला देता येत नाही, त्यात डाळ शिजत नाही. सातव्या प्रकरणाशी बसले की माझंही हेच होतं. शब्द येत नाहीत, असं कुठे आहे? पानंच्या पानं येतात. ती तोंडात घेववत नाहीत, म्हणून फाडते.

दुपार कलल्यावर आम्ही शेताकडे निघालो. वाटेत मामांनी रुक्मीची गोष्ट काढली. भातकुली म्हणजे जुनं भोजकट, असं मानतात. रुक्मिणीला कृष्णानं नेलं, तेव्हा तिच्या भावानं शपथ घेतली की, कृष्णाला हरवल्याशिवाय कौंडिण्यपूरला परत पाऊल ठेवणार नाही. हरला. परतायचं तोंड उरलं नाही, तेव्हा त्यानं इथेच नगर वसवलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला रुक्मीची कीव यायची.

“अडला तथी गाव बसवलं त्यानं,” मामा म्हणाले. “तू दोन वर्सं नुसती उभीच हाये.”

मामांच्या वाट्याला आता दोन एकर उरलंय. आजूबाजूला तूर, कपाशी हिरवीगार आणि यांचा तुकडा काळा, उघडा. पावसाळ्यात पाणी साचतं, माती चोपण, म्हणून खरिपात त्यात काही पेरत नाहीत. मला एकदम माझा मुद्दा सापडला.

“हे बघा. सगळं गाव पेरून बसलं आणि तुम्ही पडीत ठेवलंत. याला कुणी रोग म्हणतं का? तसंच आहे माझं. ओल धरतेय.”

मामा बांधावर बसले. चपलेला लागलेला चिखल काडीनं काढत म्हणाले, “जूनपासून सहा पाळ्या वखराच्या देल्ल्या याले. वापसा आला का वखर, वापसा आला का वखर. अजून दोन होतीन. पडीत म्हंजे टाकून देल्लेलं नोहे, बाई. टाकून देल्लं असतं तं इथं कमरेएवढं गवत दिसलं असतं. दसऱ्याच्या मांगंपुढं पाह्यजो हरभरा.” मग सहज विचारल्यासारखं, “तुह्या किती पाळ्या झाल्या?”

मी मनात मोजल्या. वाक्य बदलून पाहिलं होतं. ‘दिवा’च्या जागी ‘कंदील’, मग पुन्हा ‘दिवा’. कर्तरीचं कर्मणी केलं होतं. नवं पेन घेतलं होतं. एका कार्यशाळेत जाऊन आले होते. तिथे डोळे मिटून पात्रांशी बोलायला सांगितलं, मी बोलले, पात्रं काही बोलली नाहीत. या सगळ्यात मातीला वखर लागला, असं म्हणण्यासारखं काही नव्हतं.

बांधावर बसूनच मी म्हाइंभटांचं बोलले. ते का आठवले, सांगता येणार नाही. ऋद्धिपूर आमच्याच जिल्ह्यात, मोर्शीकडे, लहानपणी मामांबरोबरच गेले होते, म्हणून असेल. तेराव्या शतकात त्या गावी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ, आणि त्याच्या लेखकानं सुचायची वाट पाहिली नाही. चक्रधरस्वामींना ज्यांनी ज्यांनी पाहिलं होतं, त्या प्रत्येकाकडे हा विद्वान माणूस गेला आणि विचारत बसला : स्वामी तेव्हा कुठे बसले होते? काय म्हणाले? तेव्हा तुम्ही काय करत होता? सगळं नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. पुढे धामधुमीत पोथी गेली, तेव्हा शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, आणि आठवणी जुळल्या नाहीत तिथे वेगवेगळे पाठ राहू दिले.

“त्यांचं काही अडलं असेल, तर एवढंच, की सांगणारा माणूस अजून भेटला नाही.”

“मंग तू कोनाले विचारलं?”

मी गप्प.

“तुह्या पुस्तकात काय हाये, ते तं सांग. दोन वर्सं अडलं, अडलं, काय अडलं?”

दोन वर्षांत मी हे मामांना सांगितलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. कादंबरी या घराची आहे. आईच्या माहेरची. सातव्या प्रकरणात आबाजी शेत विकतात. एका रात्रीत बावीस एकर जातं, आणि सकाळी सगळे असे वागतात की काही झालंच नाही. आई तेव्हा पाळण्यात होती. तिला जे ठाऊक होतं तेही ऐकीव, आणि आता आई नाही. त्या रात्री घरात काय झालं, हे माहीत असणारा एकच माणूस उरलाय, आणि तो बांधावर बसून चपलेचा चिखल काढतोय. त्याला विचारण्यापेक्षा मी बर्गलर वाचला.

वही मी त्यांच्यापुढे धरली. मामांनी चष्मा लावला, खिशातून पेन्सिल काढली; प्रुफं वाचायची सवय गेलेली नाही. सहावं प्रकरण वाचता वाचता त्यांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एका ‘आणि’वर फुली मारली. सातव्याच्या त्या एकुलत्या वाक्याशी पेन्सिल थांबली.

“हे काढ.”

“का? ओळ वाईट आहे?”

“ओळ चांगली हाये. खोटी हाये. दिवा होता.”

“तुम्हाला आठवतंय?”

“पैशे मोजाचे होते. अंधारात मोजतीन का? कंदील होता. मीच धरून उभा होतो. दहा वर्सांचा असन.”

मग मी म्हाइंभट झाले. कोण कोण आलं होतं? किती रुपये? आबाजी काय बोलले? सही कुणी केली? आजी कुठे होती? मामा काळ्या रानाकडे बघत राहिले. ज्या माणसानं लेखकांच्या ओसरीत बसून त्यांच्याकडून सोळावं पान काढलं, तो माणूस पेन्सिल बोटांत फिरवत राहिला. बराच वेळ. वखराच्या तासांवर दोन बगळे उतरले, किडे टिपून उडूनही गेले.

“ते नाई,” ते शेवटी म्हणाले.

“का, मामा?”

“नाई येत. अथीलोक येते,” त्यांनी गळ्याशी हात नेला, “अन् थांबते.”

तो इंग्रजी शब्द मी तोंडातून काढला नाही.

घरी आलो, चहा झाला. मामींनी मुगाची डाळ बांधून दिली. नळाचं पाणी आल्यापासून इथे डाळ चांगली शिजते, असं त्या दर वेळी सांगतात, याही वेळी सांगितलं. मामा मला स्टँडवर सोडायला आले. बस उभीच होती, ड्रायव्हर पलीकडे पान लावून घेत होता. मी खिडकीशी बसले. मामा खाली उभे राहून दुसरीकडेच बघत बोलले.

“डाळ शिजली नव्हती त्या राती.”

“काय?”

“गोडं पानी नाल्यातल्या झिऱ्यावरून आनत. माय जाये रोज, संध्याकायी. त्या दिवशी नाई गेली. मानसं येऊन बसले होते ना. विहिरीच्याच पान्यात डाळ लावली तिनं. मानसं मोजून राहिले, माय चुलीत तुराट्या घालून राहिली. डाळ टनक ते टनक. घेनारे तशीच जेवले. कोनी काई म्हटलं नाई.”

“आणि आबाजी?”

ड्रायव्हर चढला. मामांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली, जशी ते नेहमी मारतात, आणि मागे फिरले.

वही उघडली तेव्हा त्या वाक्यावर पेन्सिलीची खूण होती, प्रुफात शब्द काढून टाकायला करतात ती. मी शेजारी लिहिलं : कंदील पोराच्या हातात. हात भरून आलेत, पण खाली ठेवायला कुणी सांगत नाही. रस्ता खराब, अक्षर वेडंवाकडं. अमरावती येईपर्यंत दोन पानं झाली. डाळ अजून चुलीवरच होती.